घरी मराठी, शाळेत कन्नड: पहिली-दुसरीच्या मुलांचा अभ्यास

मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत मूल पहिलीला गेलं की एकच अडचण कानावर येते: कन्नडचा अभ्यास घेणार कोण? २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातल्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. आई-वडील दोघंही कामावर, आजीला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, मग शाळेतून आलेलं मूल तसंच शिकवणीला जातं. आमचं स्पष्ट मत आहे की या वयात शिकवणीची गरज फार थोड्या मुलांना असते. मुलं ठरावीक जागी अडतात. त्या जागा ओळखल्या तर रोजची पंधरा मिनिटं पुरतात. मात्र ती जेवणाआधीची हवीत. जेवल्यावर मूल पेंगतं आणि आपलाही आवाज चढतो.

पहिली जागा जोडाक्षरांची. देवनागरीत पहिलं अक्षर अर्धं करतो आणि दुसरं पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण दिसतं, दुसरं त्याच्या पायाशी लहान येतं आणि काना-वेलांटी मात्र वरच्या अक्षरालाच लागते. ‘अक्कि’ म्हणजे तांदूळ. मूल वरचं वेलांटीचं ‘कि’ आधी वाचतं, मग खालचा ‘क’, आणि म्हणतं ‘अकिक’. हा आळस नव्हे, मूल डोळ्यांना दिसतं तसंच वाचतंय. अशा वेळी बोट आधी वरच्या अक्षरावर ठेवा, तिथे थांबा, खालच्या अक्षरावर न्या आणि वेलांटीचा उच्चार सगळ्यात शेवटी करा. अक्क, अम्म, अप्प हे घरातलेच शब्द आधी घ्या, वेलांटीचे नंतर. एका दिवशी पाचापेक्षा जास्त शब्द नकोत.

दुसरी जागा आपणच तयार करतो. कन्नड शब्दावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहून देतो. कन्नडमध्ये ए आणि ओ दोन्ही ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. ऱ्हस्व ओचा ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ओचा म्हणजे शिंग. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे श्रुतलेखनात हमखास चूक होते. शिवाय मूल वरची देवनागरीच वाचतं, खालच्या ओळीकडे बघतही नाही. त्यापेक्षा शेजारच्या कन्नड काकूंना धडा सावकाश वाचायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून घ्या. मिनिटाभराचा तुकडा पुरे. शाळेच्या गाडीची वाट बघताना तो लावा आणि पुस्तकावर मुलालाच बोट फिरवू द्या.

आता आकडे. इथे आई-वडिलांचा गोंधळ मुलांपेक्षा जास्त असतो. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो, मग वीस. म्हणून मूल १२ लिहितं. कन्नडमधला ‘इप्पत्तोंदु’ आधी वीस सांगतो, मग एक. लिहिण्याचा क्रमही तोच. एकोणतीसला तर मूल ‘तीस’ ऐकून ३९ लिहितं, पण ‘इप्पत्तोंबत्तु’ सरळ वीस आणि नऊ. कन्नडमध्ये अडतं ते ‘ओंबत्तु’ आणि ‘तोंबत्तु’ पाशी, म्हणजे नऊ आणि नव्वद. दहाच्या दोन नोटा डावीकडे, रुपयाचं एक नाणं उजवीकडे ठेवा आणि तीच रक्कम दोन्ही भाषांत म्हणवून घ्या. गणित मात्र शाळेच्या माध्यमाच्याच भाषेत करू द्या. बेरीज अर्धी झाल्यावर भाषा बदलली की हातचा हरवतो.

बोलण्याची काळजी करू नका. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं या वयात स्वाभाविक आहे. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी घरातली मराठी बंद करणं तर फार वाईट. दोन वर्षांचं मूल दोन्ही भाषा धरूनही दोन शब्द जोडत नसेल, तर भाषेला दोष देत बसू नका; डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या. सीमाप्रश्नावर घरात कुणाचं काहीही मत असो, त्याचा राग मुलाच्या कन्नड वहीवर निघता कामा नये, एवढी मनापासून विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. मुलं कन्नड आधी गल्लीत शिकतात, खेळताना. त्यामुळे ‘बा’ (ये), ‘कोडु’ (दे) असं एकेरीच तोंडात बसतं आणि मग बाईंनाही ‘बा’ म्हणून बोलावलं जातं. बाईंना ते उद्धट वाटतं, मुलाला आपलं काय चुकलं ते कळत नाही. आपल्याकडच्या कन्नडमध्ये मोठ्यांशी बोलताना ‘री’ लागतो: ‘बर्री’, ‘कोड्री’. हे पुस्तकातून येत नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला मुलाला शेजारी एकट्याला पाठवा. ‘तगोरि’ (घ्या) म्हणून हातावर ठेवायचं, एवढंच सांगून पाठवा. पुढचं बोलणं त्या घरातली माणसं करून घेतात.