पस्तिसावी सही

नमस्कार श्रोतेहो.

डाव्या पक्षात दोन तट पडलेले असताना नवा नेता कसा निवडला जातो, हा आजचा विषय. गोष्ट सांगणार आहे ती ब्रिटनच्या मजूर पक्षाची, म्हणजे लेबर पार्टीची. आधीच एक सांगून ठेवतो, मध्ये पुन्हाही सांगेन. भांडणाऱ्या पक्षात उमेदवार कोण, हा प्रश्न नंतरचा. मतदार कोण, हा पहिला.

या पक्षात पूर्वी नेता निवडायचे ते फक्त खासदार. १९८० साली तसेच मायकेल फूट निवडून आले, डेनिस हीली यांच्याविरुद्ध, १३९ विरुद्ध १२९ मतांनी. आडनावावरचा विनोद मी करत नाही, तुम्ही तो केलाच असेल. पुढच्याच वर्षी पक्षातून बाहेर पडून काही बड्या मंडळींनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. त्याच वर्षी नियम बदलला आणि मतदानात कामगार संघटना आल्या, मतदारसंघांतले कार्यकर्ते आले. २०१४ मध्ये पुन्हा बदल झाला. तेव्हापासून एक सभासद, एक मत. शिवाय तेव्हा कुणीही तीन पौंड भरायचे, समर्थक म्हणून नाव नोंदवायचं आणि मत द्यायचं. खासदाराचं मतही एकच, तीन पौंडवाल्याइतकंच. खासदारांच्या हातात विशेष असं एवढंच उरलं, की उमेदवाराला सूचक लागत आणि ते खासदारच असावे लागत. पंधरा टक्के खासदार. नियमांचं एवढं पुरे.

आता २०१५. मे महिन्यात निवडणूक झाली, मजूर पक्षाचे २३२ खासदार आले. स्कॉटलंडमध्ये आधी ४१ होते, तिथे एक उरला. पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तीन उमेदवार पुढे आले: अँडी बर्नहॅम, इव्हेट कूपर आणि लिझ केंडल. तिघंही नीटनेटकी, अनुभवी, आणि ऐकणाऱ्याला एकाचं भाषण दुसऱ्याला चिकटवलं तरी कळू नये अशी. (हे माझं मत. त्यांच्या समर्थकांना राग येईल.)

पक्षातल्या कट्टर डाव्या खासदारांचा एक छोटा गट होता. आपलाही कुणीतरी हवा, असं त्यांना वाटत होतं. पण उभं कोण राहणार? जॉन मॅक्डॉनेल यांनी आधी प्रयत्न करून पाहिले होते, डायन ॲबट २०१० मध्ये लढून हरल्या होत्या. राहता राहिले जेरेमी कॉर्बिन. वय ६६. इझलिंग्टन नॉर्थमधून १९८३ पासून खासदार, मंत्रिपद कधी नाही, स्वतःच्याच पक्षाविरुद्ध चारशेहून अधिक वेळा मत दिलेलं. भाजीपाल्याचा तुकडा कसायचा, फळांचा जॅम घरी करायचा, असा माणूस. बाकीच्यांनी करून पाहिलंय, आता माझी पाळी, असं त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं. जिंकायचं कुणाच्या मनातही नव्हतं. सट्टेवाल्यांनी एकास शंभर, एकास दोनशे असे भाव लावले होते.

सूचक हवे होते ३५. लक्षात ठेवा, पस्तीस.

मुदत १५ जून, सोमवार, दुपारी बारा. त्या सकाळी आकडा पस्तिसाला टेकलेला नव्हता. डाव्या गटातले सगळे धरूनही तो टेकणार नव्हता. मग सुरू झाली उसनवारी. मॅक्डॉनेल आणि मंडळी इतर खासदारांकडे जाऊन म्हणत होती, तुम्ही त्यांना मत देऊ नका, हवं तर विरोध करा, पण चर्चेत डावी बाजू असू द्या, एक सही द्या. तिकडे सामान्य कार्यकर्ते आपापल्या खासदाराला संदेशांवर संदेश पाठवत होते. आणि सह्या येऊ लागल्या, ज्यांना कॉर्बिन नेता म्हणून मुळीच नको होते त्यांच्या सह्या! मार्गारेट बेकेट, माजी परराष्ट्रमंत्री. फ्रँक फील्ड, कॉर्बिन यांच्यापासून विचाराने कितीतरी लांब. सादिक खान, जे पुढे लंडनचे महापौर झाले. जो कॉक्स, महिन्याभरापूर्वीच निवडून आलेल्या.

बारा वाजत आले. अजून दोन सह्या कमी. पार्लमेंटमधल्या पक्षाच्या कार्यालयात काही खासदार घुटमळत होते, देऊ की नको करत. मॅक्डॉनेल यांनी पुढे उघडपणे सांगितलं, की त्या शेवटच्या क्षणांत आपण अक्षरशः गुडघ्यांवर बसलो, डोळ्यांत पाणी होतं, विनवण्या करत होतो. विचार करा श्रोतेहो, साठी ओलांडलेला खासदार जमिनीवर गुडघे टेकून, तेही एका सहीसाठी, आणि तीसुद्धा हरणाऱ्या उमेदवाराच्या अर्जावर! घड्याळाचा काटा बाराला भिडता भिडता ऑक्सफर्ड ईस्टचे अँड्र्यू स्मिथ यांनी सही केली. हे स्मिथ कोण, तर मजूर पक्षाचेच माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या मंत्रिमंडळातले एकेकाळचे मंत्री. म्हणजे ज्या ब्लेअरांच्या राजकारणावर कॉर्बिन आयुष्यभर तुटून पडले, त्यांच्याच मंत्र्याने ऐनवेळी हात दिला. बारा वाजले तेव्हा सूचक होते ३६. पस्तीस हवे होते, छत्तीस झाले.

तीन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, निकाल लागला. कॉर्बिन यांना ५९.५ टक्के. बर्नहॅम १९, कूपर १७, केंडल साडेचार. पसंतीक्रमाची मतपत्रिका होती, पण दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही. तीन पौंडवाल्यांपैकी तर शंभरात चौऱ्याऐंशी जणांनी कॉर्बिनना मत दिलं. निकालाच्या आधीच वारं फिरलेलं दिसत होतं, तेव्हा बेकेटबाईंना बीबीसी रेडिओवर विचारलं गेलं, की अशा सह्या देणाऱ्यांना एक सल्लागार मूर्ख म्हणतोय, तुमचं काय म्हणणं? त्या म्हणाल्या, त्यांतली मीही एक.

मला बेकेटबाई आवडतात, पण या बाबतीत मी त्यांच्या उलट मताचा आहे. सही देणं हा मूर्खपणा नव्हता. स्पर्धा झालीच नाही तर लोकांना काय हवं ते कळणार कसं? आपल्याकडे 'बिनविरोध' झाली की पेढे वाटतात. गावाने एकोपा दाखवला म्हणे! २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण सरपंचपदाचा लिलाव झाला होता. बोली कोटींत गेली होती, पैसा देवळासाठी. एकोपा असा विकत मिळतो. असो, मी भरकटलो.

एकोप्यावरून आपल्या कॉम्रेड डांग्यांची आठवण काढलीच पाहिजे. जानेवारी १९६२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस अजय घोष वारले. पक्षात तेव्हा दोन तट होते; काँग्रेसशी कसं वागायचं, मॉस्को की पेकिंग, म्हणजे रशिया की चीन, सगळ्यावर वाद. नेता निवडायला मतदान घ्यावं तर पक्ष फुटणार. मग काय केलं? पूर्वी नसलेलं अध्यक्षपद निर्माण केलं. गिरणगावचे श्रीपाद अमृत डांगे अध्यक्ष, केरळचे नंबुद्रीपाद सरचिटणीस. दोन तट, दोन खुर्च्या. पक्ष टिकला किती? ११ एप्रिल १९६४ ला राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य उठून बाहेर पडले, त्यांत नंबुद्रीपाद होते, आणि त्याच वर्षी मार्क्सवादी पक्ष वेगळा झाला. मतदान टाळून फूट टळली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मतदान घेऊन मजूर पक्षाची तरी टळली का? जून २०१६ मध्ये कॉर्बिन यांच्याच खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला, १७२ विरुद्ध ४०. म्हणजे सूचक म्हणून ज्यांनी दार उघडलं, त्यांतल्याही अनेकांनी. पुन्हा निवडणूक झाली आणि सभासदांनी कॉर्बिनना आणखी जास्त, जवळजवळ ६२ टक्के मतं दिली. मी मघाशी म्हटलं तेच: मतदार कोण? खासदार म्हणाले नको, सभासद म्हणाले हवा, आणि दोघांचंही बरोबर होतं, आपापल्या मतदारयादीपुरतं. २०१७ मध्ये पक्षाला ४० टक्के मतं पडली, २०१९ मध्ये जागा २०२ वर आल्या आणि कॉर्बिन गेले. २०२० मध्ये किअर स्टार्मर आले.

स्टार्मर यांच्या पक्षाने सप्टेंबर २०२१ च्या अधिवेशनात दोन गोष्टी केल्या. पैसे भरून मत देण्याची समर्थकांची सोय बंद केली. ते ठीक, मला तीही पसंत नव्हती. वर्षानुवर्षं पत्रकं वाटणाऱ्याचं मत आणि काल तीन पौंड भरलेल्याचं मत एकाच मापाने मोजू नये. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मधल्या काळात, २०१७ मध्ये, दहा टक्क्यांवर आणलेली सूचकांची अट वीस टक्क्यांवर नेली. २०१५ च्या २३२ खासदारांवर हिशेब करून पाहा, ४७ होतात. कॉर्बिन यांच्याकडे होते ३६. मॅक्डॉनेल संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसले असते, तरी उरलेल्या अकरा सह्या मिळाल्या नसत्या.

नमस्कार.