मशीन तेवढं द्या

(दृश्य : कोल्हापूर, कसबा बावडा, न्यायसंकुलाच्या आवारातला बाक. सकाळचे साडेदहा. चौकटीत फक्त हात.)

चेहरा दाखवायचा नाही, हे आधीच ठरलंय. म्हणून तुम्हाला दिसतायत ते तिचे हात आणि मांडीवरची साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीतला एकेक कागद ती बाकावर मांडते. लॅमिनेट केलेली लग्नपत्रिका. रेशनकार्डाची झेरॉक्स. दवाखान्याचा केसपेपर, त्यावर डाव्या मनगटाला सूज असल्याची एक ओळ. एन.सी.च्या, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या तीन नकला, घडीवर फाटायला आलेल्या. आणि सगळ्यांत खाली शिलाई मशीन घेतल्याचं बिल.

कोर्टाकडून काय पाहिजे, असं आम्ही तिला विचारलं. नवऱ्याला शिक्षा, पोटगी, फारकत, असं काहीतरी येईल असं वाटलं होतं.

"माझं मशीन तेवढं मिळवून द्या," ती म्हणाली. "बाकीचं माझं मी बघते."

आम्ही आलो होतो बाई मार का खाते, पुरुष का मारतो, या कारणांवर छोटा माहितीपट करायला. तिनं कारणांचं नावच काढलं नाही.

(दृश्य : गंगावेस, संध्याकाळ. दूध कट्टा.)

कारणं सांगायला कोल्हापुरात माणसं कमी पडत नाहीत. म्हशी उभ्या आहेत, समोर धार काढून ग्लास हातात मिळतोय. विषय काढायचा अवकाश, ग्लास रिकामा व्हायच्या आत पाच कारणं जमा. दारू. मोबाईल. पोरीच्या आईचे दिवसाला चार फोन. उसाचं बिल अडकलंय, माणूस चिडणारच. आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, टाळी एका हातानं वाजत नाही.

टाळीला दोन हात लागतात हे खरंच. थोबाडीत द्यायला एकच पुरतो.

दारूचं मात्र टाळून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या बायकांना हे विचारलं गेलं. ज्यांचा नवरा वरचेवर पिऊन तर्र होतो, त्यांच्यातल्या 70 टक्के बायकांनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसली होती. आपल्या राज्यात तर बायकांनी मतदान करून, आडवी बाटली निवडून, गावातली दुकानं बंद पाडली आहेत. त्यांना दारू आणि मार यांचा संबंध कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण त्याच सर्वेक्षणात पुढचा आकडा आहे. नवरा दारूला शिवतही नाही अशा बायकांमध्येही हे प्रमाण 23 टक्के निघालं. म्हणजे जवळजवळ चारातली एक. माळ घातलेल्या घरातही हात उठतोच. आणि पिणाऱ्याचंही बघा. दुकानातून निघालेला माणूस वाटेत तालमीतल्या पैलवानाला धडकला तर हात जोडतो, चौकातल्या हवालदाराला सलाम ठोकतो, घराचा उंबरा ओलांडला की त्याला राग अनावर होतो. इतकी वाट बघणारा राग नुसता बाटलीतून येत नसणार.

मग कुठून येतो? त्याच सर्वेक्षणात एक प्रश्न असतो, बाया आणि बाप्ये दोघांनाही विचारलेला. नवऱ्यानं बायकोला मारणं केव्हा योग्य? पुढं सात प्रसंग दिलेले. न सांगता बाहेर गेली. घराकडं, पोरांकडं दुर्लक्ष केलं. उलटून बोलली. शरीरसंबंधाला नाही म्हणाली. स्वयंपाक नीट केला नाही. वागण्याचा संशय आला. सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. यातल्या एकाला तरी "हो" म्हणणारे पुरुष 44 टक्के. आणि बायका? 45. सगळ्यांत जास्त "हो" मिळाले ते सासू-सासऱ्यांच्या मानाला.

कट्ट्यावर हे वाचून दाखवलं तर एक आजोबा हसले. "स्वयंपाकाला मारायचं जुनं झालं आता," म्हणाले. बाकीच्या सहांबद्दल ते काही बोलले नाहीत.

(दृश्य : दसरा चौक, शाहू महाराजांचा पुतळा. रहदारी.)

हा घरातला मामला, बाहेरच्यांनी पडू नये, असंही आम्हाला पुष्कळांनी सुनावलं. त्यातले निम्मे तरी वाक्याची सुरुवात "शाहूंच्या नगरीत" अशी करत होते. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. 1919 साली याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा केला. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या दोन वर्षं आधीचा. नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम, 498 अ, भारतीय दंड संहितेत यायला 1983 उजाडावं लागलं. घरातल्या मामल्यात पडायची कोल्हापूरला चौसष्ट वर्षं आधीपासूनची सवय आहे.

ही सवय पार गेली असंही नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला : नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. राज्यभर नाव झालं, सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आम्हीही कौतुकच करतो. फक्त मनात एक येतं. मेलेल्या नवऱ्याविषयी ठराव करणं त्यातल्या त्यात सोपं. जिवंत नवरे ग्रामसभेला समोरच बसलेले असतात.

(दृश्य : पोलीस ठाण्याबाहेरचं झाड. आवाज नाही.)

आता तिच्या तीन एन.सी.कडं येऊ. पहिल्या वेळी ती ठाण्यात गेली ती भावाला घेऊन. तक्रार लिहून घेतली, नक्कल दिली. अदखलपात्र म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नाही. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस त्यात तपास करत नाहीत. तिला वाटलं, केस झाली. नवऱ्यालाही तसंच वाटलं, म्हणून तो पंधरा दिवस नीट वागला. दुसऱ्या वेळी ठाण्यात भावकी आली, मामा आले, गावातले दोन जाणते आले. बैठक बसली. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून झालं की इथून पुढं त्रास देणार नाही. सह्या झाल्या, चहा झाला. तिच्या सहीच्या वर एक ओळ होती, ती तिला अजून पाठ आहे : "मी माझ्या राजीखुशीनं नांदायला जात आहे."

नांदणं. किती गोड शब्द आहे हा. नांदा सौख्य भरे, असं रुखवतावर लिहितो आपण. पण ठाण्यात, बैठकीत, समुपदेशनाच्या टेबलावर या शब्दाचं एकच रूप ऐकू येतं : "नांदवणार का?" प्रश्न नवऱ्याला असतो. तो हो म्हणाला की प्रकरण मिटलं. ती रिक्षात बसून परत जाते आणि रजिस्टरमध्ये समेट अशी नोंद होते. समेट झाल्यावर पुढच्या महिन्यात त्या घरी जाऊन कुणी बघायचं, याचं रजिस्टर आम्हाला तरी कुठं दिसलं नाही.

समुपदेशन वाईट असं म्हणायचं नाही. मुंबईत 1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलिसांच्या आवारातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्यामागची कल्पना चांगली होती. बाई पहिल्यांदा जाते ती ठाण्यात, तर तिथंच तिच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी बसलेलं असावं. तिच्या बाजूनं, एवढं मात्र विसरायचं नाही. सोबत आलेल्या मामांना जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचायचं असतं.

(दृश्य : पुन्हा गंगावेस. माणसं पांगत आहेत.)

कट्ट्यावरचा दुसरा गट जास्त जोरात बोलतो. "कायदे सगळे बायकांचे झालेत. खोटी केस टाकतात, म्हाताऱ्या आईबापाला आत घालतात." यात तथ्यच नाही असं म्हणून उडवून लावणार नाही. सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानंच 2014 मध्ये अर्णेश कुमार खटल्यात बजावलं. 2017 मध्ये तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडं पाठवायला सांगितलं, 2018 मध्ये तो भाग मागे घेतला, आणि जुलै 2025 मध्ये अटकेसाठी दोन महिने थांबण्याचा आणि समितीचा मार्ग पुन्हा मान्य केला. म्हणजे वर दिल्लीतही हा वाद कट्ट्यासारखाच पुढं-मागं होतोय.

पण हा सगळा वाद 498 अ चा. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम 85 आणि 86 झालंय. ते फौजदारी. बाकावर बसलेल्या बाईचा अर्ज वेगळ्याच कायद्याखाली आहे, 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. कट्ट्यावर दोन्ही एकाच पातेल्यात ढवळतात. या दुसऱ्या कायद्यात अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. त्यात मागायचं असतं ते संरक्षण, खर्च, मुलांचा ताबा आणि राहायला घर. घर कुणाच्या नावावर आहे हा मुद्दा नाही. लग्न होऊन ती ज्या घरात राहिली तिथून तिला कायदेशीर मार्गाखेरीज बाहेर काढता येत नाही. सासऱ्याच्या नावचं घरही यात येऊ शकतं, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा : एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि एक गोष्ट गल्लीतल्या लोकांसाठी. भिंतीपलीकडून आवाज ऐकणारा शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतो. चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. आपल्याकडं शेजारी त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवतो.

(दृश्य : संरक्षण अधिकाऱ्यांचं टेबल. छापील नमुना. बोट ओळींवरून फिरतं.)

हा घरगुती घटना अहवालाचा नमुना. पहिला भाग मारहाणीचा : चापट, लाथ, चावणं, ढकलणं. ते तिनं भराभर सांगितलं. मग टोमणे, शिव्या, मुलगा झाला नाही म्हणून बोलणं. इथं ती जरा थांबली. मग आर्थिक हिंसाचार. खर्चाला पैसे न देणं. नोकरीधंदा करू न देणं. कमाई काढून घेणं. घरातल्या वस्तू वापरू न देणं. स्त्रीधन विकणं, गहाण टाकणं.

"हे बी मारण्यातच धरत्यात?" तिनं विचारलं.

धरतात, मॅडम म्हणाल्या.

मग मशीनची गोष्ट बाहेर आली. ब्लाऊज, फॉल-पिको करून महिन्याकाठी तिची चार पैशांची कमाई होती. मशीन बचत गटाच्या कर्जातून घेतलेलं, हप्ते तिनंच फेडलेले. पहिला मार त्या पैशांवरून नव्हताच. पहिला मार पडला तो गटाच्या बैठकीला न सांगता गेली म्हणून. सात प्रसंगांतला पहिलाच. तिसऱ्या एन.सी.नंतर सासूनं मशीन आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि ही अंगावरच्या साडीनिशी माहेरी आली. माहेरात भावाच्या दोन खोल्या. भावजय चांगली आहे, पण गेल्या आठवड्यात तिनंही विचारलं, "किती दिवस?"

नवऱ्याची बाजू आम्ही मागितली. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तिला नांदायचं असंल तर घर उघडंय." मशीनचं विचारलं तर फोन कट झाला.

स्त्रीधन परत द्यायचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल त्या तारखेपासून साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तिची आजची ही पाचवी तारीख. बाई कितीही कमावती असो, सरकारी खर्चानं वकील मिळणं हा तिचा हक्क आहे. तो मिळालाय. वकीलबाई आत आहेत.

(दृश्य : तोच बाक. दुपारचे अडीच.)

पुकारा झाला. चार मिनिटांत ती बाहेर. समोरचे वकील आले नाहीत, पुढची तारीख पडली. तिनं ती बिलाच्या मागं लिहून घेतली, कागद एकावर एक रचले, मशीनचं बिल पुन्हा सगळ्यांत खाली.

के.एम.टी. यायला वेळ होता. आम्ही कॅमेरा आवरत होतो. कोल्हापुरात यंदा पाऊस लांबला, असं काहीबाही बोलणं झालं. बस दिसल्यावर ती उठली.

"इतके महिने झाले," ती म्हणाली. "तेल घातलं नसंल कुणी. गंज धरला असंल."