एक सेंट देणाऱ्याचंही नाव

श्रोतेहो, नमस्कार. भडक बातमीदारीला आपण ‘पीत पत्रकारिता’ म्हणतो. तो पिवळा रंग न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकातला. त्यातल्या चित्रमालेत गरीब वस्तीतलं एक टकलं पोर होतं, अंगात पिवळा झगा. ‘जर्नल’ या प्रतिस्पर्धी दैनिकाचे मालक हर्स्ट यांनी १८९६ मध्ये तो चित्रकारच पळवला. ‘वर्ल्ड’नं दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर रेखाटून घेणं चालू ठेवलं. या झुंजीतून हे नाव चिकटलं.

हंगेरीतून आलेल्या जोसेफ पुलित्झर यांनी १८८३ मध्ये तोट्यातलं ‘वर्ल्ड’ विकत घेतलं. अंक दोन सेंटला. नुकते बोटीतून उतरलेले, इंग्रजी अडखळत वाचणारे कामकरीही तो वाचू शकतील असा. म्हणून मोठे मथळे, सोपी वाक्यं, चित्रं. खुनाच्या बातम्या होत्याच. पण त्याच पानांसाठी १८८७ मध्ये पत्रकार नेली ब्लाय वेडाचं सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस राहिली. तिथले हाल छापून आले, चौकशी झाली, खर्चाची तरतूद वाढली.

त्याआधी, १८८५ मध्ये, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडत होते. पुलित्झरनी जाहीर केलं, रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापू. सुमारे पाच महिन्यांत एक लाख डॉलर जमले. देणारे सव्वा लाखाच्या आसपास, बहुतेकांनी एक डॉलरहून कमी दिलेला. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं नाव छापलेलं पाहणारी माणसं त्यात किती असतील! हा भडकपणा मला नुसता गल्लाभरूपणा वाटत नाही, तो यासाठी.

‘वर्ल्ड’ १९३१ मध्ये बंद पडलं. पण मला बोचतं ते १८९९ साल. आदल्या वर्षी क्युबात, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली. पुरावा नसताना दोन्ही पत्रांनी स्पेनकडे बोट दाखवलं. युद्ध पेटलं, खप भडकला. तेव्हा रस्त्यावर अंक विकणाऱ्या पोरांसाठी शंभर अंकांचा दर पन्नासाचा साठ सेंट झाला. युद्ध संपल्यावर इतर पत्रांनी तो उतरवला. ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल’नं नाही. एक सेंट देणाऱ्याचं नाव छापणारं हेच पत्र!

जुलैमध्ये पोरांनी संप केला. दोन आठवडे. दर साठच राहिला, पण न खपलेले अंक मालकांनी परत घ्यायचे, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं.