गंज पेठेतलं घर

(पडद्यावर : नायगावची वाट, सकाळ)

१८५६ सालचा ऑक्टोबर. सावित्रीबाई माहेरी आल्यात, सातारा जिल्ह्यातल्या नायगावला. दुखणं मोठं होतं, आता उतार पडलाय. उठून बसता येऊ लागल्यावर त्या पुण्याला नवऱ्याला पत्र लिहितात. सुरुवातीलाच ‘सत्यरूप जोतीबा’ म्हणून नमस्कार. मग तब्येतीची खुशाली, भावानं केलेली सेवा. आणि मग शाळेची काळजी. आपण इथे अडकलो, म्हणजे सगळा भार फातिमावर पडला असणार. पण ती कुरकुर करायची नाही, ही खात्रीही.

ही फातिमा म्हणजे फातिमा शेख. वडिलांचं घर सोडावं लागलं तेव्हा जोतीराव-सावित्रीबाईंना उस्मान शेख यांनी आसरा दिला होता, त्याच घरातली ही सोबतीण.

पत्रात पुढे भावाशी झालेली खडाजंगी आहे. भाऊ म्हणतो, महार-मांगांसाठी नसते उद्योग करता, म्हणून वाळीत पडलात. सावित्रीबाई गप्प बसत नाहीत. गाय-शेळी कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसाचा तेवढा विटाळ धरतोस? आई शेजारी बसून ऐकत असते. तिचे डोळे भरून येतात. आजारी सुनेनं माहेरून पाठवलेल्या पत्रात हे सगळं येतं, औषधपाण्याच्या ओळीत.

(पडद्यावर : बुधवार पेठ, रहदारी)

लग्न झालं १८४० मध्ये. त्या नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा. अक्षरओळख सासरी आल्यावर झाली. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि कालची विद्यार्थिनी फळ्यापाशी उभी राहिली. तो वाडा आता नाही. स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडला.

शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल यायचा, म्हणून बाई जादा लुगडं जवळ ठेवायच्या. दर ३ जानेवारीला ही गोष्ट भाषणात येतेच. यावी. पण तेवढ्यावरच थांबलं की बाई नुसत्या सोसणाऱ्या वाटतात, आणि शिकवणाऱ्या बाई मागे पडतात. शिकवणं कसं होतं ते मुक्ता साळवेकडे पाहून कळतं. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ही मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. धर्माला, पेशवाईला, शिवाशिवीला तिनं थेट जाब विचारलाय. पोरीच्या हातात असली लेखणी देणारी शाळा!

(पडद्यावर : फुलेवाडा, आवारातला हौद)

पुढे संसार गंज पेठेतल्या या घरात थाटला. घर म्हणावं की धर्मशाळा, असा प्रश्न पडावा इतकी माणसं. १८६३ मध्ये इथेच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, वाटलं तर मूल इथेच ठेवून जावं. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. शिकायला आलेली परगावची मुलंही याच घरात राहत.

बाळंतपणं, रात्रीबेरात्री येणारे पाहुणे, पोरांच्या पंगती. हे निभावणारी घरातली बाई कोण, ते वेगळं सांगायला नको. जोतीरावांचं चरित्र वाचताना मला नेहमी वाटतं, या घराच्या स्वयंपाकघराचा इतिहास अजून कुणी नीट लिहिलेला नाही.

जोतीरावांचे सहकारी महादू सहादू वाघोले यांनी एक आठवण लिहून ठेवलीय. दारी आलेल्या बाईचं लुगडं फाटलेलं दिसलं की सावित्रीबाई आपल्यातलं काढून द्यायच्या. खर्च वाढायचा. जोतीराव कधीतरी म्हणायचे, इतका खर्च करू नये. बाई हसून विचारायच्या, मेल्यावर बरोबर काय न्यायचंय? यावर जोतीरावांकडे उत्तर नसायचं. भल्याभल्यांना निरुत्तर करणारा माणूस, घरात मात्र गप्प!

स्वतःचं मूल झालं नाही. त्या गृहात बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा या दोघांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्याला डॉक्टर केलं. ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं, तर सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला आधीच घरी आणून ठेवलं. दोघांनी एकमेकांना ओळखावं म्हणून! फेब्रुवारी १८८९ मध्ये जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीनं, भटजीशिवाय, लग्न लागलं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंद अडून बसले. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं स्वतः उचललं, चालू लागल्या आणि अग्नीही दिला. तीन वर्षांनी सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्ष त्याच होत्या.

(पडद्यावर : हडपसर, जुना माळ)

१८९७. पुण्यात प्लेग. यशवंतनं गावाबाहेर, हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला आणि आई रोगी आणायला निघाली. वय सहासष्ट. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड हा मुलगा तापानं फणफणलेला आहे, असं कळलं. बाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि माळापर्यंत चालत आणलं.

पोरगा वाचला. बाईंना लागण झाली. १० मार्च १८९७ ला, लेकाच्याच दवाखान्यात, त्या गेल्या. यशवंत पुढेही डॉक्टरकी करत राहिला. १९०५ मध्ये त्यालाही प्लेगनंच नेलं.