एक्स्टेन्शन कुणी बदललं?

(दृश्य : नोटपॅडची खिडकी)

नोटपॅडमध्ये वेबपान लिहिलं, ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ या नावाने सेव्ह केलं. डबल क्लिक केल्यावर ब्राउझर उघडायला हवा, तर पुन्हा नोटपॅडच उघडतं. फोल्डरमध्ये नाव तर बरोबर दिसतंय.

बरोबर दिसतंय, कारण त्याचा शेवट झाकलेला आहे. विंडोज ९५ पासून ओळखीच्या प्रकारांचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी आणि फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, मुळातच लपवलेलं असतं. विंडोज ११ च्या फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. आता पूर्ण नाव दिसतं : इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी. शेवटचं टीएक्सटी नोटपॅडने जोडलं होतं. ते खोडलं की काम झालं. पुढच्या वेळी सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडायचं.

या लपवाछपवीची किंमत जगाने मोजली आहे. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ व्हायरस पसरला. ईमेलसोबतच्या फाइलच्या नावात टीएक्सटी होतं, त्यापुढे व्हीबीएस. व्हीबीएस झाकलेलं राहिलं आणि लोकांनी प्रेमपत्र समजून प्रोग्रॅम चालवला. नवा संगणक घेतला की सगळ्यात आधी ही टिक करावी, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

कधी डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन अचानक एकसारखे होतात आणि काहीही उघडलं तरी पीडीएफचंच सॉफ्टवेअर सुरू होतं. इथे फाइली शाबूत असतात. ‘ओपन विथ’मधून शॉर्टकट, म्हणजे डॉट एलएनके, भलत्याच प्रोग्रॅमला जोडले गेलेले असतात. रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या यादीचा, बॅकअप घेऊन तिच्यातल्या ‘फाइलएक्स्ट्स’मधल्या डॉट एलएनकेखालची ‘युजरचॉइस’ ही की (नोंद) काढायची आणि पुन्हा लॉग इन करायचं.

(दृश्य : हेक्स एडिटर, फाइलची पहिली ओळ)

प्रत्येक फाइलमागे अनोळखी अक्षरं लागली असतील, तर मात्र थांबा. नावं बदलत बसू नका, हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट्स आकड्या-अक्षरांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आत पाहा. जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी होते. ती जागेवर असेल तर बहुधा फक्त नाव बदललंय. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, फाइलींना डब्ल्यूएनसीआरवाय लावलं, तेव्हा आतला मजकूरही कुलूपबंद केला होता. असं काही दिसलं तर आधी नेटवर्क तोडा. फाइली पुसू नका. ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर काही रॅन्समवेअरची कुलपं उघडणारी साधनं मोफत मिळतात.