बाळाच्या तळहातावरची आडवी रेघ आणि ऑटिझम

नमस्कार मंडळी. हा माझा तळहात, जरा जवळ धरते. करंगळीखालून निघणारी ही हृदयरेषा आणि तिच्याखालची मस्तकरेषा. काही हातांवर या दोन्ही मिळून एकच सरळ आडवी रेघ होते.

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ओळखीच्या वहिनी भेटल्या. कडेवर दीड वर्षाचा मुलगा. त्याची मूठ हळूच उघडून म्हणाल्या, "ही रेघ बघा. कोणीतरी म्हणालं, हे ऑटिझमचं लक्षण. खरं का हो?" डोळे भरून आले होते त्यांचे. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या वाढीतला असा फरक, ज्यात मुलाचं बोलणं, वागणं, इतरांशी मिसळणं वेगळं असतं. बाळ मात्र मयडे गावच्या केळ्यांकडे बोट दाखवत होतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघत होतं.

तळहाताच्या रेघा पोटात असतानाच, साधारण तिसऱ्या महिन्यात उमटतात. डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त, असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हातावर अशी रेघ सापडते, म्हणून डॉक्टर ती बघतात. पण शंभरातल्या एखाद-दोन धडधाकट माणसांच्या हातावरही ती असतेच! ऑटिझमबाबत काही संशोधकांनी मुलांचे तळहात आणि बोटांचे ठसे तपासले. त्यामागे विचार आहे: त्वचा आणि मेंदू गर्भाच्या एकाच थरातून घडतात. पण अनेक मुलांच्या सरासरीत दिसलेला थोडासा फरक एका मुलाचं निदान करू शकत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमचं वर्णन केलं ते मुलांच्या वागण्यावरून, आणि आजही निदान वागणं आणि वाढ पाहूनच होतं.

म्हणून मूठ नको, बोट बघा. हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, दाखवून तुमच्याकडे बघतं का? वर्षाचं झाल्यावर हाक मारली की वळतं का? आलेले शब्द गेले तर एक दिवसही थांबू नका. 'मुलगे उशिराच बोलतात' हे ऐकत महिने घालवू नका, कळकळीने सांगते. बालरोगतज्ज्ञांना गाठा.

मदत आपल्या गोव्यातही झालेली आहे. पर्वरीच्या 'संगत' संस्थेने गोव्यात, आणि तिकडे पाकिस्तानात रावळपिंडीतही, साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून पालकांसोबत काम केलं. 65 मुलांचा तो अभ्यास 2016 मध्ये छापून आला. आईबाबा मुलाच्या कलाने खेळू लागले, मुलंही स्वतःहून जास्त जवळ येऊ लागली.

वहिनींना मी सांगितलं, बोट दाखवतोय ही चांगली खूण आहे. तरी पुढच्या लशीच्या वेळी डॉक्टरांना विचारा, आणि त्याला किती शब्द येतात ते घरी लिहून ठेवा. त्या केळीवाल्या मावशीने एक केळं सोलून त्याच्या हातात दिलं. त्याने मूठ घट्ट मिटली.