तिथीची पाऊणपट

(दृश्य : दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर, उतरती दुपार. होड्यांमधली मासळी घ्यायला बैलगाड्या पाण्यात शिरतायत.)

आधी एक गोष्ट सांगून टाकते. त्याला समुद्राने नेलं नाही.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हर्णैपासून केळशीपर्यंत अजून कुणी ना कुणी विचारतं, "तो पोहणारा पोरगा ना? बुडाला म्हणे." सतरा वर्षांचा धाडसी मुलगा गेला म्हटलं की पुढची गोष्ट लोक आपली आपणच जुळवून घेतात. मी त्याची चुलत बहीण. तो मला ताई म्हणायचा, आणि घरात आम्ही सगळे त्याला बाबू म्हणायचो. त्याचं पूर्ण नाव या व्हिडिओत येणार नाही, फोटोही नाही. काकूला ते नको आहे. तिने एवढंच सांगितलं, "त्याने काय केलं ते सांग. आणि कसं केलं, तेही सांग."

(दृश्य : फत्तेगडावरून दिसणारा सुवर्णदुर्ग.)

हर्णैला चार किल्ले आहेत. जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कनकदुर्गावर दीपगृह आहे. फत्तेगडावर आता कोळ्यांची घरं आहेत, तटावर जाळी वाळत असतात. आमच्या घराच्या पडवीतून सुवर्णदुर्गाचे बुरूज मोजता येतात. लहानपणी बाबू ते रोज मोजायचा आणि रोज त्याचा आकडा वेगळा यायचा.

कान्होजी आंग्रे या सुवर्णदुर्गावर वाढले. जन्म 1669 चा. पुढे ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख झाले आणि इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सगळ्यांना त्यांनी दमवलं. पण आमच्याकडे मुलांना सांगतात ती गोष्ट त्याच्या आधीची, 1688 च्या सुमाराची. सिद्दीचा वेढा पडलेला, किल्लेदार आतून फितूर. कोवळ्या वयाच्या कान्होजींनी त्या किल्लेदारालाच कैद केलं. बाहेर पडून छापा घालताना ते शत्रूच्या हाती सापडले, तिथूनही निसटले, पोहत किल्ल्यात परतले आणि किल्ला लढवला. परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे ही. हर्णैतल्या प्रत्येक पोराने ती आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेली असते.

बाबूने ती ऐकली आणि आजोबांना विचारलं, "पोहत आले ते ठीक. पण तेव्हा भरती होती की ओहोटी?"

आजोबा हसले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आयुष्यभर तांडेल म्हणून होडी चालवलेला माणूस तो. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि नातवाला समोर बसवलं.

(दृश्य : कॅलेंडरचं पान, तिथीवर फिरणारं बोट.)

हिशेब साधा आहे, कोकणात जुन्या माणसांना तो पाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री, आणि मध्ये सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या वर थोडा उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा हिशेब जमतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाण्याचा जोर कमी.

त्या दिवसापासून बाबूची वही सुरू झाली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला तिथी आणि हिशेबाने आलेली वेळ. उजव्या बाजूला त्याने स्वतः पाहिलेली वेळ. धक्क्याच्या पायऱ्यांवर त्याने खडकाने ओरखडे काढून ठेवले होते, पाणी कुठल्या ओरखड्यापर्यंत आलं तेही तो लिहायचा. हिशेब आणि पाणी यांच्यात फरक पडला की बाजूला कारण, "वारा दक्षिणेचा", "पाऊस", कधी नुसतंच "का?". मुलाने रोजच्या रोज लिहिलेलं एवढं निगुतीचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

(दृश्य : पहाटेचं शांत पाणी. होडीतून घेतलेलं.)

सुवर्णदुर्गापर्यंत पोहत जायचं हे त्याने आठ-नऊ वर्षांचा असतानाच ठरवलं होतं. प्रत्यक्ष पोहला नववीत असताना. मधली सगळी वर्षं तयारीत गेली. आधी खाडीत, मग बंदराच्या आडोशाला, मग उघड्या पाण्यात, आणि उघड्या पाण्यात तो कधीही एकटा उतरला नाही. काकांची ताकीद होती. पण ताकीद नसती तरी तो उतरला नसता. वहीच्या पहिल्या पानावर त्याने चार ओळींचे नियम लिहिलेत, त्यातला पहिला, "बरोबर होडी नसेल तर जायचं नाही."

दिवस त्याने निवडला दासनवमीचा. माघ वद्य नवमी. नऊ पाऊण पावणेसात, म्हणजे पूर्ण भरती पावणेसातला, आणि उजाडायची वेळही साधारण तीच. भांगाचं पाणी, त्यामुळे ओढ कमी. पूर्ण भरतीला पाणी काही वेळ थबकतं, चढत नाही आणि उतरतही नाही, तेवढ्यात मधला पट्टा पार करायचा. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, तो पाठीशी राहणार. दुपारचे खारे वारे सुटायच्या कितीतरी आधी परतायचं, आणि परतताना होडीत बसूनच यायचं. हे सगळं त्याने काकांना एका कागदावर मांडून दाखवलं. काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "जेलीफिश दिसले तर?" बाबू म्हणाला, "तर होडीत. आणि पुढच्या भांगाला परत."

काका होडीत वल्ह्यावर, मी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, टॉवेल आणि गुळाचा खडा घेऊन. तो संथपणे पोहला. मध्ये मान वर काढून एकदा तटाकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. सुवर्णदुर्गाला तेव्हा धक्का नव्हता, खडकांवर लाट बघून पाय टाकावा लागायचा. तो पाण्यातून वर आला, महादरवाज्याशी गेला आणि तिथल्या पायरीवर कोरलेलं कासव आहे त्याला हात लावून परतला. एवढंच. घोषणा नाही, व्हिडिओ नाही. होडीत बसल्यावर दात वाजत असताना मला म्हणाला, "ताई, घड्याळ बघ. हिशेब चुकला नाही."

गावात मात्र बातमी वेगळी पसरली, पोरगं वेडं आहे, जिवावर उदार आहे. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. जिवावर उदार माणूस तिथी बघत नाही.

(दृश्य : दापोलीजवळच्या मुरूडचा समुद्रकिनारा, सुट्टीची गर्दी.)

सुट्टीच्या दिवसांत तो आमच्या शेजारच्या मुरूडच्या, कर्द्याच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहायचा. पर्यटक नेमके कुठे पाण्यात उतरतात ते त्याने हेरलं होतं. लाटा फुटतात, पांढरा फेस येतो, त्या जागेची माणसांना भीती वाटते. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये एक गढूळसर, शांत दिसणारी गल्ली असते, तिथे माणसं मुलांना घेऊन जातात. ती शांत गल्लीच घातकी. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच जोराने परत आत जात असतं. सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झटायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत गल्लीच्या बाहेर यायचं, मग लाटाच बाहेर आणून सोडतात. पोहता येत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. तो हे येईल त्याला सांगायचा. काही जण ऐकायचे. काही जण "तू कोण रे?" म्हणायचे, शिव्याही द्यायचे. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा.

वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 पासून कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे आमच्या आंजर्ल्यातही ते काम आलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. मग सुमारे पन्नास दिवस ती अंडी जपायची. बाबू तिथेही असायचा. घरट्यावरची टोपली उचलली आणि खाली काळपट, तळहाताएवढीही नसलेली पिल्लं वळवळताना दिसली की त्याचा आवाजच बदलायचा.

(दृश्य : मोडून पडलेली सुपारीची बाग. जुनं मोबाइल चित्रीकरण.)

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ. तो चौदाचा होता. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला ते जमिनीवर चढलं आणि दापोली, मंडणगडच्या गावांचं होत्याचं नव्हतं झालं. नारळ मुळासकट आडवे, सुपारीच्या वाड्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडलेल्या. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा एका दुपारी काय गेलं याचा अंदाज करा. खांब पडले, वीज गेली ती कित्येक गावांत आठवडे आलीच नाही. मोबाइलला रेंज नाही. आणि लॉकडाऊन, त्यामुळे मुंबईचे चाकरमानी तिकडेच अडकलेले, आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे त्यांना कळायला मार्ग नाही.

बाबूने काय केलं? वही उलटी केली आणि मागच्या पानापासून घराघरांतून नंबर लिहून घेतले. कुणाचा मुलगा लालबागला, कुणाची सून विरारला. पुढे एकेक ओळ निरोपाची. "छप्पर गेलं, माणसं ठीक." "म्हैस ठीक. काळजी नको." "बाबांच्या गोळ्या संपल्यात." मग रस्त्यावर पडलेली झाडं ओलांडत, घाट चढत, जिथे रेंजची एक काडी मिळेल तिथपर्यंत चालत जायचा आणि एकेका नंबरवर फोन लावून निरोप वाचायचा. पलीकडची माणसं रडायची. तो थांबायचा, रडणं संपू द्यायचा, मग उलटा निरोप लिहून घ्यायचा. संध्याकाळी परत येऊन घरोघरी वाचून दाखवायचा. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस हे होतं, सुवर्णदुर्गापेक्षाही. गावाने त्याला त्याबद्दल कधी वेडा म्हटलं नाही, आणि शाबासकीही फारशी दिली नाही. दिवसच तसे होते.

(दृश्य : जुलै. भाताची खाचरं, लावणी करणाऱ्या बाया.)

तो गेला त्या वर्षी बारावीत होता. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, काका घरी. लावणीचे दिवस. काकूच्या माहेरच्या खाचरात सगळे उतरले होते. आदल्या दिवशी खडकावर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले काढताना बाबूच्या टाचेला चीर पडली होती. कोकणात अशी चीर कुणी मोजत नाही. तो अनवाणी चिखलात उतरला.

काही दिवसांनी ताप आला. अंग मोडून आलं, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की पायावर उभं राहवेना. डोळे लाल झाले. पावसात भिजल्याचा ताप म्हणून सगळ्यांनी धरून चाललं, कारण जुलैत प्रत्येक घरात एक ताप असतोच. डोळ्यांत पिवळेपणा दिसला तेव्हा धावपळ सुरू झाली. तालुक्याला, तिथून पुढे. तोवर मूत्रपिंडं बंद पडत चालली होती, मग फुप्फुसं.

लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, गुरं यांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून अंगात शिरतात. सुरुवातीच्या दिवसांत ओळखलं तर डॉक्सिसायक्लीन, पेनिसिलीन यांसारखी साधी, जुनी औषधं काम करतात. पायात गमबूट, जखमेवर नीट पट्टी, आणि तापाबरोबर पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगणं, की मी भाताच्या चिखलात उतरलो होतो. जिथे साथ असते तिथे आरोग्य केंद्रातून शेतात उतरणाऱ्यांना आधीच गोळ्याही देतात, त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. बाबूला समुद्राची प्रत्येक खोड माहीत होती. खाचराच्या पाण्याबद्दल त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने ते पहिल्या पानावर लिहिलं असतं, याची मला खात्री आहे.

काका आता लावणीच्या आधी गमबूट आणतात, स्वतःच्या घरापुरते नाही, वाडीतल्या सगळ्या पोरांच्या मापाचे. पैशाचं विचारलं तर विषय बदलतात.

(दृश्य : लाल पुठ्ठ्याची वही. हाताने काढलेला नकाशा.)

वहीत एक नकाशा आहे. बाणकोटला सावित्री समुद्राला मिळते तिथपासून दाभोळला वाशिष्ठी मिळते तिथपर्यंत, सगळा किनारा पायी चालायचा. बाणकोट, वेळास, केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै. इथपर्यंत निळ्या पेनाने रेघ आहे, मित्रांबरोबर सुट्ट्यांमध्ये तुकड्यातुकड्याने पूर्ण केलेली. पुढे मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ ही गावं पेन्सिलने. कुठला खडकाळ टप्पा ओहोटीलाच पार होतो, खाडी कुठे आडवी येते, तर कुठे होडी मागावी लागेल, सगळं बारीक अक्षरात.

त्याच्या वर्गातली पोरं येत्या डिसेंबरात उरलेला टप्पा चालणार आहेत. मीही जाणार आहे. वही काकूकडे असते, कपाटात साड्यांखाली. कुणीही मागितली तर ती देते, अगदी शाळकरी पोरालाही देते. पण हातात ठेवायच्या आधी त्याला उंबऱ्यावर थांबवते आणि विचारते, "आज तिथी कुठली? मग भरती किती वाजता?" उत्तर आलं नाही तर कॅलेंडर काढते आणि त्याला समोर बसवते.